दौलतभाऊंचे तीन पंखे

दौलतभाऊ कुठल्याही वस्तूला आधी उलटा हात लावून बघतात. कॉलनीत कोणाकडे पाहुणे आले, की येता-जाता त्यांच्या स्कूटरच्या इंजिनाला हाताची पाठ टेकवणार आणि "लांबून आलेत" असं जाहीर करणार. विजेचा मीटर, भिंत, टीव्ही, कलिंगड, काहीही सुटत नाही. मला एकदा ताप आला होता, तेव्हा फाटकात उभं राहून त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला आणि "माल अजून टिकंल" असा निकाल दिला. मी चार दिवस अंथरुणात होतो.

ही सवय झेंडूची. मखमलाबादच्या बाजूला त्यांचा मळा आहे. तोडलेल्या फुलांचा ढीग आतून तापला की फूल काळं पडतं, म्हणून ढिगात हात घालून बघायचं आणि गरम लागला की पसरून द्यायचा. त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावतं, "मालाला हवा पाहिजे." सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून भांडण पेटलं तेव्हाही ते एवढंच म्हणाले आणि उठून खिडकी उघडली.

अश्विनी ही त्यांची एकुलती मुलगी. तिने एकेक भाग आणून स्वतः एक संगणक जोडला आणि पुढे शिकायला कॅनडाला जाताना तो हॉलमध्ये ठेवून गेली. त्याची एक बाजू काचेची. आतला मेंदू तापू नये म्हणून त्यावर एक छोटा पंप, पंपातून निघालेल्या दोन नळ्या, नळ्यांतून फिरणारं पाणी आणि ते पाणी गार करायला तीन रंगीत दिव्यांचे पंखे. या सगळ्याला मिळून कूलर म्हणायचं आणि तो एका सॉफ्टवेअरवर चालतो. दौलतभाऊंना ही व्यवस्था एका दमात पटली. फक्त त्यातलं पाणी कधी बदलायचं, हे ते मला अधूनमधून विचारतात. ते नळ्यांत कायमचं बंद केलेलं असतं, हे काही त्यांना मान्य नाही.

मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. त्यामुळे मला मिक्सरही दुरुस्त करता येतो असा कॉलनीचा समज आहे. दसरा झाल्यावर दोन दिवसांनी दुपारी दौलतभाऊ दारात उभे.

"सर, एक पंखा मेला. आन् सॉफ्टवेअरला कूलर दिसंना. पाचच्या आत झालं पाहिजे."

"पाचला काय आहे?"

"झालं पाहिजे," ते म्हणाले आणि माझ्या चपला माझ्याकडे सरकवल्या.

हॉलमध्ये दोन पंखे लग्नाच्या मांडवासारखे सातही रंग उधळत होते आणि तिसरा ढिम्म होता. स्क्रीनवर सॉफ्टवेअर एकच सांगत होतं, एकही उपकरण सापडलं नाही. "दोन दिस झाले, माणूस त्या डब्यापुढून हलला नाय," त्यांच्या पत्नी सुमनवहिनी म्हणाल्या. "भाकरीबी तिथंच."

मी म्हटलं, दुकानात नेऊ. दौलतभाऊंनी मान हलवली. वाटेत द्वारकेच्या गर्दीच्या चौकात गाडी अडकणार, वर ऊन, माल तापणार. विषय संपला.

मग मी सॉफ्टवेअर काढलं, पुन्हा टाकलं. नवीन काढून जुनं टाकलं. मशीन बंद केलं, चालू केलं. प्रत्येक वेळी पडदा काळा झाला की दौलतभाऊ डोळे मिटून घ्यायचे. घड्याळ पुढे सरकत होतं आणि कूलर काही सापडत नव्हता.

"हे कोणी उघडलं होतं का?" मी विचारलं.

"नाय."

"अश्विनीनेही हेच विचारलं असेल ना फोनवर?"

"तिलाबी नायच सांगितलं."

या उत्तरात काहीतरी लपवल्याचा मला वास आला. काच काढून आत टॉर्च मारला. पंपाच्या बरोबर मधोमध हळदकुंकवाची ठसठशीत बोटं होती.

"दसऱ्याला अवजाराची पूजा नको?" दौलतभाऊ म्हणाले. ट्रॅक्टर, फवारणीचा पंप, वजनकाटा आणि हा, सगळे ओळीने पुजले होते. बाकीच्यांना वरून हार घातला. इथे मात्र काच उघडली, कारण खरं काम आतला पंप करतो आणि बाहेरच्या डब्याला कुंकू लावणं ही त्याची फसवणूक झाली असती. हार घरच्याच मळ्यातला, मनगटाएवढा जाड. तो त्यांनी त्या दोन नळ्यांना बांधला आणि दुसऱ्या दिवशी ओढून काढला.

मी चिडलो. चांगलाच चिडलो. ओढताना पाकळ्यांचा बोळा तिसऱ्या पंख्यात गेला होता आणि पंपातून निघणारी एक बारीक वायर बोर्डातून सुटली होती. त्याच वायरीतून सॉफ्टवेअरला कूलर दिसतो. मी हे सगळं मोठ्या आवाजात समजावलं. दौलतभाऊ खाली बघून ऐकत होते आणि वहिनी त्यांच्याकडे बघत होत्या.

वहिनींच्या चिमट्याने पाकळ्या काढल्या, वायर दाबून बसवली. तरी दिसेना. शेवटी भिंतीवरचं बटण बंद करून थोडा वेळ तसंच ठेवलं आणि पुन्हा लावलं. कूलर दिसला. तिन्ही पंखे दिसले आणि शहाण्यासारखे पांढरे होऊन फिरू लागले.

मी निघालो तर दौलतभाऊंनी दंड धरला. "बसा. पाच होऊ द्या."

वहिनी चहा घेऊन आल्या आणि त्याही मशीनपुढे बसल्या. आम्ही तिघं तीन पंख्यांकडे बघत चहा प्यायलो. मला हसू येत होतं. पाच वाजून गेले आणि कोणी हात न लावता तिन्ही पंखे एकदम पिवळे झाले.

"उठली," वहिनी म्हणाल्या.

"उठली," दौलतभाऊ म्हणाले आणि त्यांनी कितीतरी वेळाने पाठ टेकली.

तिकडे तेव्हा सकाळ होते. अश्विनी उठली की फोनवरून या मशीनमध्ये शिरते, पंख्यांचा रंग बदलते आणि कॉलेजला जाते. "फोनवर आमचं जमत नाय," दौलतभाऊ म्हणाले. "जेवली का इचारतो, ती हो म्हनती, मी बरं म्हनून फोन हिच्याकडं देतो. हे बरं हाय." मला माझ्या मोठ्या आवाजाची लाज वाटली.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "सर, इकडून तिच्याकडं काय जातं?"

"हे मशीन चालू झालं की तिच्या फोनवर कळतं."

ते वहिनींकडे वळले. "मी तर दुपारच्या चहाच्या आधी लावतो," ते म्हणाले. "म्हंजी तोवर तिला पत्ताच नाय, आपण उठलो का नाय."

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी दूध आणायला निघालो, तर त्यांच्या हॉलमध्ये पंख्यांचा उजेड होता. दौलतभाऊ मळ्यात जायच्या तयारीने खिडकीत उभे होते.

"तिच्याकडं आता रातच्या जेवणाची येळ हाय," ते हळूच म्हणाले. "आई-बाप उठलेत म्हनून दिसलं, की पोरगी नीट जेवंल."