खानदेशभर हेमांगीचे बाप

पितांबरनानांनी त्या दिवशी एवढंच ठरवलं, की मोबाईलचा आवाज बंद करून टाकायचा. बाकी काही नाही. आता ह्यात कुणाचं काय वाकडं व्हायचं? पण नानांचं कुठलंच काम साधं राहत नाही, हे पारोळ्यात शेंबडं पोरही सांगेल. त्या एका बटणापायी तिकडे सोनगीरला एका सज्जन माणसाच्या संसारात बिब्बा पडला.

नाना जिनिंगमध्ये कारकून. कापसाच्या गाड्या येणार, वजनं होणार, नाना लिहिणार. उजव्या हातात पेन आणि डाव्या तळहातावर तंबाखू-चुना. (डावा हात रिकामा असला की नानांना आकडे सुचत नसत, असं ते स्वतःच सांगत.) पण हिवाळ्यापासून तिखट खाल्लं की तोंडाची आग होऊ लागली. डॉक्टरांनी बॅटरी मारून आत पाहिलं आणि स्पष्टच सांगितलं, "तोंड आतून पांढरं पडलंय, आवळत चाललंय. आज तिखट झोंबतंय, पुढे घास जायलासुद्धा तोंड उघडणार नाही. तंबाखू आजच्या आज बंद."

बाहेर पडल्यावर नाना लताबाईंना म्हणाले, "पाणी जास्त प्या म्हणतात." लताबाई सगळा वेळ शेजारच्याच खुर्चीवर बसून ऐकत होत्या. त्या पिशवी उचलून चालू लागल्या, आणि नानांना वाटलं, चला, निभावलं.

योग असा, की त्यांची लेक हेमांगी धुळ्याला एका संस्थेत नोकरीला, आणि तिथे काम काय, तर तंबाखू सोडवणारं अ‍ॅप तयार करायचं. तलफ यायच्या वेळा आपण भरून द्यायच्या. चहानंतर, जेवणानंतर, जशी ज्याची सवय. त्या त्या वेळी मोबाईल बोलतो, धीर देतो, आणि मग विचारतो, खाल्ली का? नाही म्हणायला हिरवं बटण, हो म्हणायला लाल. खानदेशातल्या गावोगावच्या माणसांवर चाचणी चालू होती. ती नीट पार पडली तर अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं होणार, नाहीतर हेमांगीची सगळी मेहनत पाण्यात.

"नाना, तुम्हीही घ्या ना चाचणीत भाग. माझ्यासाठी," हेमांगी म्हणाली. लेकीने 'माझ्यासाठी' म्हटल्यावर कुठला बाप नाही म्हणेल? नाना हो म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी जिनिंगमध्ये, चहाच्या कपासमोर, त्यांनी आवाज बंद केला, एक चिमूट ओठाखाली दाबली आणि हिरवं बटण दाबलं. लेकही खूश, आपणही खूश. रोज तेच.

मध्ये एकदा हेमांगीने फोनवर फार उत्सुकतेने विचारलं, "नाना, अ‍ॅपमधला आवाज बदललाय. कसा वाटला?"

"छान! अगदी स्पष्ट."

"ओळखीचा वाटला का?"

"वाटला ना. रेडिओवरची बाई असणार."

पलीकडून हेमांगीने फोनच ठेवून दिला. नानांना वाटलं, रेंज गेली.

झालं होतं असं, की आधीचा आवाज मशीनचा होता. 'कृपया दीर्घ श्वास घ्या,' असं तो स्टेशनवर गाडी उशिरा येणार असल्यासारखं सांगायचा, आणि माणसं श्वास घेण्याऐवजी तंबाखू घ्यायची. तेव्हा हेमांगीने एका रविवारी आईला स्वयंपाकघरात गाठलं आणि मोबाईल पुढे धरला. लताबाई लाजल्या, पदर तोंडाला लावला, "माले नही जमस व माय," म्हणाल्या. हेमांगी म्हणाली, "आई, लोकांशी बोलू नकोस. नानांशी बोलतेयस असं समज." मग मात्र लताबाई बोलल्या. एकदा सुरुवात झाल्यावर थांबेनात.

हेमांगीने त्यातले कुकरच्या शिट्ट्यांचे आवाज कापले, शेजारचं कुत्रं कापलं. कापायचं राहिलं ते एकच. लताबाईंनी लग्नातल्या उखाण्यानंतर नवऱ्याचं नाव कधी उच्चारलेलं नाही. हाक मारायची तर 'हेमांगीना बाप'. हेमांगीने जन्मल्यापासून ही हाक इतक्या वेळा ऐकलेली, की तिच्या कानाला त्याचा अर्थ 'अहो, ऐका' एवढाच. त्यात काही खटकण्यासारखं आहे हे तिच्या लक्षातच आलं नाही. नानांनी आवाज चालू ठेवला असता तर पहिल्याच दिवशी ही चूक कळली असती. आणि मग दोंडाईच्यापासून जळगावपर्यंत, चहाच्या वेळेला, जेवणाच्या वेळेला, खिशाखिशातून एक बाई कळवळून हाका मारू लागली, "हेमांगीना बाप, ऐकी ल्या..."

सोनगीरला खाजाभाईंचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान. माणूस गरीब स्वभावाचा, तंबाखू सोडायची म्हणून मनापासून अ‍ॅप घेतलेलं. एका दुपारी ते जेवून हात धुवायला गेले आणि ताटाशेजारी ठेवलेला मोबाईल बोलला. ऐकायला समोर होत्या त्यांच्या बेगम, मेहरुन.

परकी बाई. आवाज मायेने भरलेला. आणि आपल्या नवऱ्याला म्हणते, हेमांगीना बाप!

खाजाभाई ओल्या हातांनी परत आले तेव्हा मोबाईल मेहरुनभाभींच्या हातात होता.

"ये हेमांगी कोन?"

"कोन हेमांगी?"

"जिसके तुम बाप हो!"

खाजाभाईंनी अ‍ॅप, चाचणी, धुळ्याची संस्था, सगळं सांगून पाहिलं. मेहरुनभाभींनी शांतपणे त्याच अ‍ॅपवरचा मदतीचा नंबर लावला.

"नमस्कार, तंबाखूमुक्ती मदत केंद्र. मी हेमांगी बोलतेय."

"म्हंजे तू खरंच हायेस?"

"हो... आपण कोण?"

"तुझा बाप कुठं असतो?"

"पारोळ्याला."

"पारोळ्याला!" मेहरुनभाभी नवऱ्याकडे वळल्या. "आणि मला सांगतो, भांडी घेऊन पारोळ्याच्या बाजाराला जातो!"

पुढचं हेमांगीने कसंबसं सावरलं. भाभी म्हणाल्या, त्या बाईला डोळ्यांनी बघीन तेव्हाच पटेल. नाही पटलं तर अ‍ॅपची तक्रार वरपर्यंत नेईन. मोठ्या साहेबांच्या कानावर हे गेलं की चाचणी संपली. तिने हात जोडल्यागत सांगितलं, "भाभी, रविवारी पारोळ्याला या. आमच्याकडे भरीत आहे."

नानांना ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. रविवारी परसात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली जात होती आणि ते ओट्यावर बसून यंदाच्या मिरचीला नावं ठेवत होते. "दम नही ऱ्हायना मिरचीमा. मागली वखतनं भरीत पानीचट. आग नही, काही नही." आत लताबाई लाकडी बडगीत वांगी ठेचत होत्या. त्या ऐकून घेत होत्या.

हेमांगी पाहुण्यांना घेऊन आली. खाजाभाई खुर्चीच्या टोकावर बसले. मेहरुनभाभी उभ्याच.

"हेमांगी तुमचीच बेटी ना?"

"हो. का?"

"मग हे ऐका," असं म्हणून त्यांनी नवऱ्याचा मोबाईल स्टुलावर ठेवला आणि आवाज मोठा केला.

"हेमांगीना बाप, ऐकी ल्या. ती तंबाखू ठेवी द्या. पानी प्या..."

नाना चपापले. रेडिओवरची बाई त्यांच्या लताबाईच्या आवाजात बोलत होती. मेहरुनभाभींनी तिथेच थांबवलं. "ही तुमची घरवाली असेल तर बाहेर बोलवा. माझ्यासमोर बोलू दे."

हेमांगीने आईला दाराशी आणलं. लताबाईंचे हात वांग्याने माखलेले, मान खाली. परक्या माणसांसमोर तोंडातून शब्द फुटेना. "आई, बोल ना गं," हेमांगी रडकुंडीला आली. भाभींच्या भुवया चढत चालल्या. खाजाभाईंनी डोळे मिटून घेतले.

आणि अशा अवघड वेळी माणूस जे करतो तेच नानांनी केलं. म्हणजे काय करतोय ते न कळता केलं. खिशातून पुडी निघाली, चुन्याची डबी निघाली, डाव्या तळहातावर उजवा अंगठा फिरू लागला.

"हेमांगीना बाप!" लताबाई कडाडल्या. "काय करी राहिनात! फेका ते!"

तोच आवाज. तीच हाक. मेहरुनभाभींचा हात आपोआप छातीवर गेला आणि त्या एकदम हसल्या. खाजाभाईंनी डोळे उघडले. सोनगीरचा संसार सावरला.

पारोळ्याचं मात्र अवघड झालं. सगळे नानांच्या तळहाताकडे बघत होते.

"नाना," हेमांगी हळूच म्हणाली, "तुमची सगळी बटणं हिरवी आहेत."

मोबाईल स्टुलावर तसाच होता. खाजाभाईंनी काय विचार केला कोण जाणे, त्यांनी बोट लावून पुढचं सुरू केलं.

"...तुम्हना तोंडनी आग व्हस, माले दिखत नही का? डाक्टर काय बोलना, मी ऐकेल शे. म्हनीसन भरीतमा मी मिरची टाकनं सोडी दिधं. तुम्हले सांगं नही, तुम्हले वाईट वाटी. तुम्हना बिगर माले एकलीले तिखट गोड लागत नही. हेमांगीना बाप, माले तुम्हना संगे आखो बराच दिन जेवनं शे."

नानांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. एका हातात चुना, दुसऱ्यात तंबाखू. ज्या मिरचीला ते इतके दिवस शिव्या देत होते, ती बिचारी डब्यातच होती. आणि ही बाई त्यांच्यासोबत मुकाट्याने फिकं जेवत होती.

"भाऊ," खाजाभाई म्हणाले, "मी रोज ऐकायचो आणि वाटायचं, कोणी तरी कोणासाठी किती जीव तोडून बोलतंय. म्हणून तर माझी सुटली. तुमच्या वाटणीचं मी ऐकून घेतलं हो."

नाना उठले, परसात गेले आणि सगळं चुलीत टाकलं. पुडी, चुना, डबी, सगळं. (डबी पितळेची होती. खाजाभाईंनी ती चिमट्याने बाहेर काढली. धंद्याचा माणूस!) मग पंगत बसली. खाजाभाई पहिल्या घासाला म्हणाले, "भरीत जरा फिकं..." आणि भाभींनी त्यांना कोपर मारलं.

पुढचे दिवस नानांना सोपे गेले असं कुणी समजू नये. जिनिंगमध्ये बेरजा चुकल्या. हमालांवर विनाकारण ओरडून झालं. पण चहाच्या वेळी ते आवाज पूर्ण मोठा करून मोबाईल टेबलावर मधोमध ठेवायचे. सगळं ऑफिस ऐकायचं. कुणी हसलं तर नाना म्हणायचे, "आपली बायको शे. तुले काय?" लाल बटणं पडली, तीही त्यांनी इमानदारीने दाबली. हळूहळू लाल कमी झाली, मग दिसेनाशी झाली. एका रविवारी लताबाईंनी भरतात अर्धी मिरची घातली आणि नानांनी पाणी न पिता ती खाल्ली. लताबाई तेव्हा मुद्दाम चुलीकडे तोंड करून बसल्या होत्या.

चाचणी पार पडली. हेमांगीने आवाज बदलायचा विषय काढला तर माणसं ऐकेनात. अ‍ॅप खुलं करायचा कार्यक्रम धुळ्याला ठेवला, ज्यांची सुटली त्यांचा शाल-नारळ देऊन सत्कार. नानांनी इस्त्रीचा सदरा घातला, लताबाई ठेवणीतलं लुगडं नेसल्या, आणि दोघं हॉलच्या दाराशी पोहोचली. दारात हेमांगीच्या ऑफिसातली दिपमाला लॅपटॉप घेऊन बसलेली.

"आपण कोण, काका?"

नानांनी छाती पुढे काढली. "मी हेमांगीचा बाप."

"काका, सकाळपासून आलेला प्रत्येक जण हेच सांगून हसतोय," दिपमाला कंटाळून म्हणाली. आतल्या बाजूने खरंच शाल पांघरलेल्या हेमांगीच्या बापांचा हशा ऐकू येत होता. "नाव सांगा."

नाना दुखावले. "मी कशाला सांगू? ह्यांना विचारा!"

दिपमाला लताबाईंकडे वळली. "काकू, ह्यांचं नाव काय?"

लताबाईंनी एकदा मागे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. पदर सारखा केला. आणि भर हॉलच्या दारात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पितांबर."

नानांच्या कानशिलापर्यंत लाली चढली. ते घाईघाईने दिपमालाला म्हणाले, "पोरी, तुला नीट ऐकू आलं नसेल. पुन्हा एकदा विचार त्यांना."

"आलं ऐकू." दिपमाला लॅपटॉपवर शोधू लागली आणि मध्येच थांबली. "अय्या काकू, तो आवाज तुमचा? या ना, पहिल्या रांगेत बसा! आणि हे सापडले, पितांबर, पारोळा." तिने वाचलं, मग नानांकडे पाहून आवाज खाली आणला. "खोटी बटणं दाबली म्हणून चाचणीतून काढून टाकलेले. काका, तुम्ही मागे बघा कुठे जागा मिळते का."