इडवलचं नाक आणि टेगविनसाहेबांचं प्रवचन

या, असे जवळ सरका. वेल्सच्या डोंगरातल्या आमच्या ख्रिस्ती देवळाची आणि एका चोंदलेल्या नाकाची गोष्ट सांगतो.

स्तोत्राचा पहिला सूर लावायचा मान इडवलचा. त्यानं सूर उचलला की अख्खं देऊळ चार आवाजांत गायचं. पण दोन हिवाळे त्याचं सायनस भरलेलंच होतं. येत्या रविवारी देवळातच गाण्याचा वार्षिक मेळा होता. तेव्हाही सूर फुटला नाही, तर तो मान बेकरीवाल्या गेथिनकडे जाणार होता.

"औषधानं जंतू मरतात, पण चिकट थरात लपलेले परत डोकं काढतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुझ्या नाकात पहारेकरी आहेत, इडवल. बारीक केस असतात, ते जंतूंना झाडून बाहेर काढतात. ते बिचारे शेंबडात रुतलेत. उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्यानं नाक धू, म्हणजे लागतील कामाला."

"धुतो की! पण सूर सोडणार नाही."

इडवलनं आठवडाभर नेमानं नाक धुतलं. वाट मोकळी झाली. तरी रविवारी निघता निघता त्यानं पुन्हा दुप्पट पाणी ओतलं.

"आत्ता नको रे!" बायको नेस्टा ओरडली. "आत साठलेलं मागाहून गळतं."

"गळू दे. आज एकही जंतू देवळात येता कामा नये!"

प्रार्थनेला त्यानं मान खाली घातली आणि नाकातून धारच लागली. हनुवटीवरून टपटप! रुमाल घरी राहिलेला. प्रार्थना संपून प्रवचन सुरू झालं, तरी हा आपला वाकलेलाच.

"मान वर कर, मेल्या!" नेस्टा कुजबुजली.

"केली की घशात जातं!"

आमच्याकडे प्रवचन रंगात आलं की बोलता बोलता गाण्यात चढतं. म्हाताऱ्या टेगविन पाळकसाहेबांचं कित्येक वर्षांत चढलं नव्हतं. त्यांची नजर इडवलच्या हनुवटीवर गेली. त्यांना वाटलं, आपल्या शब्दांनी माणूस रडतोय! साहेबांचा आवाज थरथरला, वर चढला, आणि बघता बघता गाऊ लागला. मागच्या बाकांवरून "आमेन!" उठलं. बायकांचे रुमाल निघाले, मग पुरुषांचे. गेथिन तर ढसाढसा रडला.

ऑर्गन वाजला.

"इडवल बिचारा पार विरघळलाय. गेथिन, तू उचल," देवळाचे पंच म्हणाले.

गेथिननं तोंड उघडलं. नुसती घरघर! रडून रडून सगळ्यांचीच नाकं चोंदली होती. देवळात मोकळं नाक एकच उरलं होतं. इडवलनं मान वर केली आणि असा सूर लावला की खिडक्यांच्या काचा घुमल्या.

दारात साहेबांनी त्याचा हात धरला. "पोरा, माझं प्रवचन तुला एवढं भिडलं?"

इडवल खरं सांगायला गेला. पण साहेबांचे डोळे भरून आले होते.

"साहेब," तो म्हणाला, "पुढल्या रविवारीही असंच गा."

आणि साहेब गायले, आयुष्यातल्या शेवटच्या रविवारपर्यंत. आज प्रार्थनेला बसाल, तेव्हा आमच्या टेगविनसाहेबांची आठवण ठेवा.