व्याह्यांचे मुख रोखिल्याची हकीकत

श्री. पूर्वी थोरांच्या लढाया जाहल्या, त्या थोरांनी लिहविल्या. परंतु मौजे केशोरी, तालुके अर्जुनी मोरगाव येथे यंदाच्या मंडईस, म्हणजे दिवाळीमागून भरणाऱ्या गावजत्रेस, एका घरच्या पंगतीत जो रणसंग्राम जाहला, तो लिहावयास कोणी धजेना, सबब आम्हीच लेखणी उचलिली.

राजमान्य राजश्री उदारामजी, धानाच्या बांध्यांचे, म्हणजे भातखाचरांचे, धनी, यांस ‘सरदार धारराव’ या कादंबऱ्यांचा नाद मिसरूड फुटल्यापासूनचा. धाररावाने बावीस भागांत किल्ले घेतले, भुयारे फोडिली, वारंवार विष पचविले, आणि स्नान केल्याचे मात्र कोठेही लिहिले नाही. तथापि उदारामजींची निष्ठा अढळ. बाविसाव्याच्या अखेरीस सरदार घोड्यासुद्धा कड्यावरून खाली गेला आणि लेखकाने तेथेच हात आखडला, मग पुढील भाग येईतो उदारामजींच्या घशाखाली घास नीट उतरेना. मग तेविसावा आला, आणि अर्धा वाचून जाहला, आणि सरदार जिवंत की मृत हे उमगावयाची घटका आली, तोच त्यांचे कुटुंब वज्रचूडेमंडित शामकलाबाईसाहेब यांनी फर्मान काढिले की, धान कापून बांधीत पडला आहे, मंडईचे पाहुणे दारात आले, सबब पुस्तक जप्त. आणि ग्रंथ स्वयंपाकघरात तांदळाच्या कोठीत नजरकैद जाहला.

त्यात कन्या गुंजन इचा सासरहून फोन आला की, मामंजी मंडईस येतात आणि त्यांनीही तेविसावा खरेदी केला आहे. हे व्याही म्हणजे भैयाजी सौंदडकर, धाररावाचे तितकेच भक्त. परंतु पोटात गोष्ट ठरेल तर शपथ. अठराव्या भागातील फितूर कोण, हे त्यांनी गुंजनच्या लग्नात ऐन मांडवात सांगून टाकिले होते. तेव्हा उदारामजी ढसढसा रडले, आणि कन्येच्या वियोगाने रडतात असे समजून वऱ्हाडाचेही डोळे पाणावले.

आता सरदाराचे जीवितच पणास लागले. व्याह्यांस गप्प बसा म्हणावे तर सोयरीक बुडते, पंगतीतून उठावे तर चार गावांत नाचक्की. मग उदारामजींनी मनाशी मसलत केली, की या मुलुखात व्याह्याचे पान रिते ठेवणे हा गुन्हा आणि आग्रहास नाही म्हणणे हा त्याहून थोर गुन्हा, तरी आग्रहाचेच हत्यार उपसावे. उडदाच्या वड्यांची दुप्पट दारू भरावी, असा अर्ज त्यांनी मुदपाकखान्यात गुदरला. बाईसाहेबांनी तो एकही सवाल न करता मंजूर केला. एरवी त्या मीठ मागितले तरी जाब पुसतात, परंतु उदारामजींस तेव्हा नवल वाटले नाही.

भैयाजी पाटावर बैसले आणि धाररावाचे नाव काढिते जाहले, तोच वडा मुखी गेला. तो गिळून पुन्हा तोंड उघडिले, तो खिरीची वाटी ओठास भिडली. मग त्यांनी हात जोडिले, तो जोडल्या हातांवर वडे पडले. घाण्यामागून घाणा येत होता, पुढचे वडे करपून काळे आले, परंतु युद्धात गोळ्याचा रंग कोण पाहतो. अखेर भैयाजींचे डोळे पांढरे जाहले, आणि ते व्याह्यांचे मनगट धरून जे वदले ते येणेप्रमाणे:

“समधीजी, म्या अर्धाच वाचलो जी. आमच्या घरवालीनं, नंदाबाईनं, पुस्तक लपवून ठेवलन. तुमी शेवट सांगू नका, येवढंच म्हणून राहिलो मघापासून, अन तुमी वडे कोंबून राहिले.”

मग उदारामजींनी त्यांस खरकट्या हातानेच मिठी मारिली, आणि दोन्ही फौजा एक होऊन, पुस्तक सोडवावयास मुदपाकखान्यावर चालून गेल्या. तेथे शामकलाबाईसाहेब कढईपाशी बैसल्या होत्या. त्यांचे डोळे लाल होते, मांडीवर तेविसावा भाग उघडा होता, आणि त्याच्या शेवटच्या पानावर तेलाचा अंगठा ताजा उमटला होता. करपल्या वड्यांचे आणि बिनसवाल मंजुरीचे रहस्य उदारामजींस तेव्हा कळले. डोळे धुराने लाल की सरदाराच्या मरणाने, हे मात्र कळेना, आणि पुसण्याची छाती होईना.

बाईसाहेबांनी पुस्तक मिटले आणि शांतपणे आज्ञा केली:

“बांधीतला धान घरी येऊ द्या. तवरिक कोनी पुस्तकाचं नाव काढलन, त शेवट म्या सांगून टाकीन.”

मग व्याह्यांनी सौंदडास परतणे रहित केले, आणि दुसरे दिवशी उभयता सरदारभक्त बांधीत धानाचे भारे बांधिते जाहले, आणि धान बिनबोभाट घरी आला. ऐसी केशोरीची मोहीम फत्ते पावली, आणि फत्ते बाईसाहेबांच्या नावे रुजू केली असे. कड्याखाली सरदाराचे काय जाहले, हे आम्हांसही ठाऊक आहे; परंतु आम्हांस त्याच घरी जेवावयाचे आहे, सबब लिहिले नाही.