महापौर मयताला नाही म्हणत नाहीत

१८७४ सालच्या मार्च महिन्यात पोर्ट हॅडली शहरातल्या कूपर गल्लीचा हातपंप बंद पडला. दांडा खालीवर होई, पाणी येत नसे. गल्लीतल्या ऑनोरा गिलफॉइल या बाईने रीतसर अर्ज केला. मी नगरपालिकेचा चिटणीस असल्यामुळे तो रीतसर स्वीकारला आणि तिला समजावून सांगितले की, दांडा रस्त्यावरच्या हवेत हलतो म्हणून तो रस्ते समितीकडे येतो, तोटी आरोग्य समितीकडे, आणि पाणी जमिनीखाली आहे तोवर ते कोणाकडेच येत नाही. बाई पाच पोरांची आई होती आणि टेकडीखालच्या तळ्यावरून दिवसाला चौदा बादल्या वर ओढत होती. तिने माझे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेतले व थेट महापौरांना गाठायचे ठरवले.

महापौर मॅलकी टूही आमच्याच आयर्लंडातले. शेतातले बटाटे कुजून दुष्काळ पडला त्या वर्षी अंगावरच्या सदऱ्यानिशी जहाजात चढले, इथे येऊन खारवलेला मासा विकू लागले, आणि पंचवीस वर्षांत किराणा दुकान व महापौरपद दोन्ही त्यांनी मिळवले. दोन्ही कारभार दुकानाच्या एकाच फळीमागून चालत. धंद्यात त्यांनी एक तत्त्व पाळले होते. गिऱ्हाइकाला कधी 'नाही' म्हणायचे नाही. माल नसला तर 'गुरुवारी येईल' म्हणायचे. तत्त्व लाभले, म्हणून तेच त्यांनी शहरालाही लावले.

"शेट, आमचा पंप?" ऑनोराने विचारले.

"गुरुवारी, ऑनोराताई. घरातला चहा संपला असेल ना? नवी पेटी फोडलीय."

"चहाला पाणी लागतं, शेट."

"ते गुरुवारी."

असे सात गुरुवार गेले.

आमच्या लोकांत माणूस गेला की त्याला घरात मेजावर निजवतात आणि सारी गल्ली भोवती बसते. हॅम म्हणजे डुकराचे खारवलेले मांस, चहा, मातीच्या चिलमी, आणि रडणे जड होऊ नये म्हणून व्हिस्की. महापौर एकही मयत चुकवत नसत. टोपी काढून येत, हॅम स्वतःच्या हाताने कापत, अगदी पातळ, आणि खरोखर रडत. मी जवळून पाहिले आहे, ते अश्रू खरे असत. त्यांच्या गावाकडची एक श्रद्धाही त्यांच्यात पक्की मुरली होती: मयतापुढे दिलेला शब्द शवपेटी उचलायच्या आत पाळला नाही, तर मेलेला येऊन तुमच्या चुलीपाशी बसतो आणि उठत नाही. विरोधी पक्षाला न घाबरणारे महापौर याला मात्र टरकून असत.

मे महिन्यात एका दुपारी ऑनोराचा नवरा डिन्नी वारला.

महापौर धावतच आले. डिन्नी मेजावर हात जोडून पडला होता. ऑनोरा एप्रनमध्ये तोंड खुपसून म्हणाली, "शेट, जाताजाता एकच बोलले. म्हणाले, पंपाचं तेवढं बघा."

महापौरांनी डिन्नीच्या कपाळावर हात ठेवून शब्द दिला. तीन तासांत पंप दुरुस्त झाला. बाहेर पाण्याची धार पडल्याचा आवाज आला, तसा डिन्नी उठून बसला आणि म्हणाला, "ते हॅम सगळं संपवलंत की काय?"

महापौरांनी सुरी खाली ठेवली.

"हे बघ ऑनोराताई, शब्द मयताला दिला होता. मयत नाही तर शब्द नाही, आणि शब्द नाही तर पंपाचं काम बेकायदा. आता पंप उखडायचा की डिन्नीला मेलेला ठेवायचा, तू सांग."

"मेलेलाच असू दे," ऑनोरा तत्काळ म्हणाली. "घरात तसाही काही फरक पडायचा नाही."

मी मृत्यूनोंद केली. डिन्नीने स्वतः साक्षीदार म्हणून सही केली.

बातमी शहरभर झाली. पुढच्या आठवड्यात बारा जण वारले. कुणाला गल्लीत दिवा हवा होता, कुणाला चिखलावर फळ्या. काम शिस्तीत व्हावे म्हणून मी 'तात्पुरते मयत' असा नमुना क्रमांक नऊ तयार केला. अटी सोप्या होत्या: मयताने हलू नये, हसू नये, महापौरांच्या भाषणाला मान डोलावू नये. गैरवापर टाळण्यासाठी एका माणसाला एकदाच मरता येईल, अशीही तरतूद केली. शहराचा कायापालट झाला. दिवे लागले, गटारे वाहू लागली. हॅम आणि चिलमी एकाच दुकानात मिळत असल्यामुळे नागरिकांची धावपळ वाचली. इतकी माणसे मरून इतके आनंदी शहर मी दुसरे पाहिले नाही.

ऑगस्टमध्ये कूपर गल्लीचा पंप पुन्हा बंद पडला.

ऑनोरा माझ्याकडे आली. मी नोंदवही उघडून दाखवली. डिन्नी पंपात खर्ची पडला होता, सासू कोपऱ्यावरच्या दिव्यात, शेजारचे दोघे भाऊ गटारात. गल्लीत कायद्याने जिवंत असे एकही मोठे माणूस उरले नव्हते. ऑनोरा स्वतः जुलैमध्येच चिखलावरच्या एका फळीसाठी वारली होती.

"पोरांना मी निजवायची नाही," ती म्हणाली. "तसलं मी खोटंसुद्धा करणार नाही."

ती तडक दुकानात गेली. "शेट, माणसं संपली. आता तुम्हीच मरा."

महापौरांनी प्रस्तावाचा गांभीर्याने विचार केला. नोव्हेंबरात निवडणूक होती. ते माशाचे पिंप बाजूला सारून फळीवर आडवे झाले, डोळे मिटले, आणि मला म्हणाले, "नोंद कर."

सगळे शहर लोटले. हॅम कापायला कोणी नव्हते, म्हणून जाड तुकडे पडले आणि लोक त्यावरून हळहळले. अशा वेळी शब्द द्यायचा तो महापौरांनी, आणि महापौर तर मयत. नियमात याची तरतूद नव्हती. शेवटी ऑनोराने मयतालाच गदागदा हलवले.

"अहो शेट, पंप कधी?"

मयताने एक डोळा उघडला. "गुरुवारी."

फळीमागच्या कप्प्यातून ऑनोराने चामड्याचा एक वायसर उचलला, भिंतीवरचा पाना काढला आणि चालू लागली. पाऊण तासात पंपाला पाणी आले. आत एवढा वायसरच झिजला होता. मार्चमध्येही तोच झिजला होता, हे मला नंतर कळले.

बायकांना मत नव्हते. म्हणून निवडणुकीच्या सकाळी ऑनोराने डिन्नीला उंबऱ्यातच अडवले. "त्या गुरुवारवाल्याला सोडून कोणालाही दे. त्याच्या विरोधात उभा आहे तो लोहार वायसर तरी ओळखतो." मेलेल्यांनी मत द्यावे की नाही हा प्रश्न आमच्या शहरात कोणीच काढला नाही, तशी प्रथा जुनीच होती.

संध्याकाळी मी वहीतून निकाल वाचून दाखवला. महापौर टूही प्रचंड बहुमताने निवडून आले. कूपर गल्लीतले प्रत्येक मत त्यांना पडले होते.

"तूसुद्धा?" ऑनोराने डिन्नीला विचारले. "पंप कोणी दुरुस्त केला रे?"

"तूच केलास की," डिन्नी म्हणाला. "पण अगं, उद्या मी खरंच गेलो तर येऊन रडेल कोण? तो लोहार? त्याला धड हॅम तरी कापता येतं का?"

ऑनोरा माझ्याकडे वळली. "आणि तुम्ही, चिटणीस? तुम्ही कोणाला दिलंत?"

मी वही मिटली. मागल्या वर्षी माझी आई गेली तेव्हा महापौर दोन दिवस आमच्या घरी बसले होते. तुमच्या घरी असा प्रसंग आला, तेव्हा दारात आधी कोण आले होते ते आठवा, त्यांना तुम्ही मत दिलेत की नाही तेही आठवा, आणि मग तुमच्या नळाबद्दल तक्रार घेऊन खुशाल या. मी अर्ज रीतसर स्वीकारीन.