उसन्या वकीलबाई

गिराम मॅडम आमच्या बियाण्याच्या कंपनीत पहिल्या दिवशी आल्या त्या स्वतःची खुर्ची घेऊन. लोखंडी, घडीची, पाठीवर निळ्या रंगानं 'गिराम वकील' लिहिलेली. ऑटोतून उतरून त्यांनी ती बगलेत मारली, सरळ माझ्या खोलीत आल्या आणि माझ्या टेबलासमोर उघडून बसल्या.

मी म्हणालो, "मॅडम, कंपनीनं तुमच्यासाठी गादीची खुर्ची आणलीय."

"राहू द्या. मी उसनी हाय. कंपनीच्या खुर्चीवर बसलं की कंपनीसारखंच बोलावं वाटतं."

मॅडम परभणीतल्या एका मोठ्या वकिलांच्या हाताखाली वर्षानुवर्षं काम करत होत्या. आमचे मालक त्या वकिलांचे अशील. कंपनीतच बसून कायद्याचं काम बघायला कुणीतरी हवं होतं, तर मोठ्या वकिलांनी सहा महिन्यांसाठी मॅडमना धाडून दिलं, शेजारणीला पुरणयंत्र द्यावं तसं. दुसरं कुणी असतं तर पंख्याखाली चहा पीत मुदत काढली असती. मॅडमचं गणितच वेगळं. "उसनं भांडं कुणी रिकामं परत करतं का? मग मला बी रिकामं धाडायचं न्हाई. काय काय हाय ते दावा."

दाखवावंच लागलं. खुर्ची बगलेत मारून त्या कंपनीभर हिंडायच्या. कधी वजनकाट्यापाशी बसायच्या, कधी पॅकिंगच्या शेडमध्ये बायकांच्या घोळक्यात. प्रश्न एकच, "हे असं का?" पावतीची गुलाबी प्रत कुठं जाते असं त्यांनी मला विचारलं, तेव्हा इतक्या वर्षांच्या नोकरीत मला पहिल्यांदा कळलं की ती कुठंच जात नाही. ओल्या गोणपाटात सोयाबीनचे दाणे गुंडाळून उगवण कशी तपासतात तेही त्या शिकल्या, आणि मग माझ्या टेबलाखाली कायम एक ओलं गोणपाट दिसू लागलं. माझे बूट भिजायचे. मी पार बेजार झालो होतो.

पेरण्या झाल्या आणि तक्रारी आल्या. येलदरीकडच्या काही रानांत आमचं बियाणं उगवलंच नव्हतं. मालकांनी उत्तर तयारच ठेवलं होतं: पेरणी खोल झाली, कंपनीचा दोष नाही. खाली फक्त मॅडमची सही हवी होती.

"रान बघितल्याबिगर सही न्हाई," मॅडम म्हणाल्या.

कंपनीची गाडी अर्थातच मिळाली नाही. मला माझ्या मोटारसायकलवरून न्यावं लागलं. मागं मॅडम आणि त्यांच्या मांडीवर आडवी खुर्ची. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रानात मॅडमनी बोटांनी माती उकरली. दाणे वरच होते, पण कुजलेले. त्यांनी वास घेतला आणि माझ्या नाकाखाली धरला. "वळखा. आपल्या शेडातला पत्रा गळतो का न्हाई, त्या कोपऱ्यातल्या थप्पीचा वास हाय ह्यो." अवकाळी पावसात तिथंच बसलेल्या असताना त्यांच्या डोक्यावर पाणी गळलं होतं. तेव्हापासून 'पत्रा बदला' म्हणून त्या कानीकपाळी ओरडत होत्या. परत येऊन तपासलं, तर तक्रारींची सगळी पोती त्याच थप्पीतली निघाली.

मालक भडकले. "मॅडम, तुमी नेमकं कुणाच्या बाजूनं हाव?"

"तुमच्याच. म्हणूनच खोटं लिहीत न्हाई. बियाणं बदलून द्या, दुबार पेरणीला अजून टाइम हाय."

मालकांनी तिथंच मोठ्या वकिलांना फोन लावला, स्पीकरवर. "तुमच्या बाईला आजच्या आज परत बोलवा."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "आता कुठं परत? तिच्या टेबलावर आमचा भाचा बसायलाय. तुमीच ठिवून घ्या की कायमची."

मालकांनी घाईनं फोन बंद केला. मॅडम एवढा वेळ उभ्या होत्या. त्यांनी खुर्ची उघडली आणि मालकांच्या समोर मांडून बसल्या. "मुदत संपेस्तोवर मी हितंच हाय. आन् सही न्हाई म्हंजी न्हाई."

रान बघून आलेल्या वकिलानंच सही नाकारली हे बाहेर गेलं तर काय होईल, एवढं मालकांना कळत होतं. काही दिवस ते फुगून बसले, मग बियाणं बदलून दिलं. पत्राही बदलला. मॅडम दुप्पट जोरानं शिकायला लागल्या. फक्त मोठ्या वकिलांकडचं काही सांगताना 'आमच्या ऑफिसात' असं म्हणायचं त्यांनी सोडून दिलं.

शेवटच्या दिवशी शाल-नारळ आणला होता. त्यांनी तो घेतला नाही. "परत जाणाऱ्या भांड्याचा कुणी सत्कार करतं का?" पॅकिंगच्या बायकांनी त्यांचा जेवणाचा डबा जवसाच्या चटणीनं गच्च भरून दिला, तो मात्र घेतला. मी मोटारसायकल काढली.

"ऑफिसात सोडू की घरी?"

"कोर्टात."

कोर्टाच्या आवारात कडुलिंबाखाली त्यांनी खुर्ची उघडली, पदरानं पुसली आणि बसल्या. आजूबाजूच्या वकिलांपुढं टेबलं होती, अशील होते. मॅडमपुढं काहीच नव्हतं. "जागा झकास हाय," त्या मोठ्यानं म्हणाल्या, सगळ्या आवाराला ऐकू जाईल असं. मग हळूच म्हणाल्या, "साहेब, थोडे दिवस हितं कुणी येणार न्हाई. तुमी हिकडून जाताल तवा एक हाक मारताल का?"

मला फार वाईट वाटलं, आणि त्या मोठ्या वकिलांचा संतापही आला. पण असलं काही बोलून दाखवायची आम्हा दोघांनाही सवय नव्हती. मी त्यांच्या मांडीवरचा डबा उचलला.

"हा उसना नेतो."

"अहो, चटणी हाय त्यात!"

"चटणीसकटच नेतो."

त्यांचे डोळे भरून आले होते, तरी आवाज कोर्टातलाच. "रिकामा आणताल तर खबरदार!"

उद्या डबा परत करायचाय. बायकोनं धपाटे भरून ठेवलेत. मघापासून ती विचारतेय, नुसता डबा द्यायला जाताय, तर बाजारातून ही घडीची खुर्ची कशाला आणलीत?