नायिकेचं काय करायचं

शालेय ग्रंथनिवड समितीपुढे एक कादंबरी मान्यतेसाठी आली. वयोगट बारा ते सोळा. विषय मृत्यू.

कादंबरीतल्या राज्यातून रोग हटले होते, म्हातारपणाचं मरणही हटलं होतं, त्यामुळे गर्दी फार झाली होती. तेव्हा कोणी कधी मरायचं, हे 'निवारक' नावाचा अधिकारी ठरवी. एका मुलीला त्याच्या हाताखाली शिकाऊ म्हणून नेमतात. शेवटच्या प्रकरणात तिला हुकूम होतो : स्वतःच्या आजोबांना मार. ती सुरा खाली ठेवते.

समितीत एक निवृत्त ग्रंथपाल होते. सभेला निघताना नातीनं त्यांना दारातच अडवलं; कादंबरी तिनंही वाचली होती. "आजोबा, पुस्तक नापास झालं तरी चालेल, पण तिचा शेवट बदलू देऊ नका. बोलाल ना?"

"बोलेन की," ग्रंथपाल म्हणाले. घरात ते बऱ्यापैकी बोलत.

सभा सुरू झाली. लेखकांनाही बोलावलं होतं. "मरणाला आपली हरकत नाही," अध्यक्ष म्हणाले. "सगळं नियमानुसार चाललंय. पण ही मुलगी वरिष्ठांचा हुकूम मोडते. मुलांनी यातून काय घ्यायचं?"

"पाळायला लावू की हुकूम," लेखक म्हणाले. लेखक फार समजूतदार होते. पुस्तक प्रत्येक शाळेत जायचं होतं.

"अहो, म्हणजे नात आजोबांना मारणार!" मुख्याध्यापिका दचकल्या. "संस्कार म्हणून काही आहे की नाही?"

पेच पडला. मारलं तर संस्कार बुडतात, न मारलं तर शिस्त. मुलगी जिवंत आहे तोवर यातून वाट नाही, हे हळूहळू सर्वांच्या लक्षात आलं.

"शेवटच्या प्रकरणाआधीच ती आजारी पडून..." मुख्याध्यापिकांनी सुचवलं.

"रोग हटलेत," लेखक ओशाळून म्हणाले.

"मग निवारकाकडूनच संपवा," अध्यक्ष म्हणाले.

"पण कारण काय दाखवू?"

"कारण द्यायला तो बांधील नाही. तुम्हीच लिहिलंय, पहिल्या प्रकरणात."

लेखक गहिवरले. "इतकं बारकाईनं वाचलंत आपण!"

"कुणाची हरकत?" अध्यक्षांनी विचारलं.

ग्रंथपालांनी घसा खाकरला. सगळे त्यांच्याकडे वळले.

"पाणी हवंय का, काका?" मुख्याध्यापिकांनी आपुलकीनं विचारलं.

ग्रंथपालांनी पाणी घेतलं. तेवढ्यात चहा आला, तोही घेतला. ठराव एकमतानं संमत झाला.

घरी नात दारातच उभी होती. "वाचली का ती?"

"तसं नाही म्हणता येणार," ग्रंथपाल चपला काढत म्हणाले. "पण आजोबा वाचले."

"तुम्ही बोलला का नाहीत? त्या लोकांकडे सुरा होता?"

"छे गं."

"मग काय होतं?"

ग्रंथपालांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "चहा होता."

नातीनं अबोला धरला. तो काही सुटेना, तेव्हा ग्रंथपालांनी समितीचा राजीनामा दिला.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, कागदावरचीच तर मुलगी! राजीनामा घेताना अध्यक्षही अगदी हेच म्हणाले होते. समितीत एक जागा रिकामी आहे. आपण अवश्य विचार करावा. चहा चांगला असतो.