चार ते पाच हा तास रिकामा असल्याचा दाखला

गेल्या मंगळवारी चाफेकट्टा तालमीने बुरूज तालमीकडून इंद्रजित चौगुले हा आघाडीचा खेळाडू घेतला आणि त्याच्या बदल्यात आमच्या पेठेचा दुपारी चार ते पाच हा तास बुरूज पेठेला कायमचा देऊन टाकला.

खेळाडूची किंमत तासांत देण्याच्या पद्धतीबद्दल माझी तक्रार नाही. आमच्या शहरात ती जुनी आहे, आणि तालमी-तालमींमधल्या फुटबॉलवरून जिथे घरे दुभंगतात तिथे दुसरे कोणते मोल कोणी मान्यही केले नसते. माझी तक्रार दाखल्याबद्दल आहे. तो माझ्या आकडेवारीवर काढला गेला, आणि ती आकडेवारी चुकीची वाचली गेली.

मूल्यांकन समितीवर मला घेतले ते मी संख्याशास्त्र शिकवते म्हणून. बैठक तालमीच्या माडीवर झाली. अध्यक्ष दिनकरराव साळोखे मध्ये बसले होते, समर्थकांच्या वतीने रफिक मुजावर आणि पिंटू मेढे बोलत होते, आणि जिन्यावर उभे असलेले तीसएक जण न विचारता बोलत होते.

"सात मॅचमध्ये अकरा गोल," रफिक म्हणाला. "अकरा! दीड तास दिला तरी स्वस्त हाय."

"दीड?" पिंटू उसळला. "मर्दा, दीड तासात आख्खी मॅच हुतीया. पाऊण तास लई झाला."

"पाऊण तासाला तुला गोलकीपरचा हातमोजा बी कुणी द्यायचं न्हाई."

मी निदर्शनास आणले की अकरापैकी चार गोल एकाच सामन्यातले आहेत, त्या सामन्यात समोरच्या संघाचा गोलरक्षक बहिणीच्या लग्नाला गेला होता आणि गोलमध्ये त्यांचा बॅकवाला उभा होता. दोन गोल पेनल्टीचे आहेत. उरलेल्या पाचांवरून एखाद्याची कायमची किंमत ठरवणे हे शास्त्राला धरून नाही. फॉर्म हा स्वभाव नसतो.

"वैजूताई, गोल त्यो गोल," रफिक म्हणाला. "जाळीला काय कळतंय व्हय, गोलकीपर लग्नाला गेलाय का बारशाला?"

जिन्यावरून टाळ्या पडल्या. किंमत एक तास ठरली.

मग कोणता तास द्यायचा याची चर्चा झाली, आणि तिचा वृत्तांत मी जसाच्या तसा देते. सकाळी सहा ते सात देता येणार नाही, कारण पोरे पळायला जातात. आठ ते नऊ नाही, कारण त्या वेळी कट्ट्यावर पेपर वाचला जातो. एक ते दोन जेवणाचा, दोन ते तीन त्यानंतरच्या झोपेचा. संध्याकाळी सात ते आठ हा तास पिंटूने नुसता उच्चारला तेव्हा दिनकररावांनी त्याच्याकडे असे पाहिले की त्याने तो शब्द मागे घेतला. उरला चार ते पाच. त्या वेळी सामने असतात. पेठेतले सगळे पुरुष मैदानावर असतात आणि मैदान कोणत्याच पेठेत मोडत नाही, त्यामुळे तिथला तास तिथेच राहणार.

"म्हंजे आपलं कायच जात न्हाई," दिनकरराव म्हणाले. "त्या वक्ताला पेठंत असतंय कोण?"

मी म्हणाले, "बायका."

"त्येच म्हणतोय मी. कोणच न्हाई."

इथे नियम सांगणे आवश्यक आहे. तास फक्त रिकामाच देता येतो. अठरा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका तालमीने सकाळचा अकरा ते बारा हा तास घाईने दिला, तेव्हा त्यात एक न्हावी आणि अर्धी दाढी झालेले गिऱ्हाईक राहून गेले. दोघेही बारा वाजता आपापल्या घरी असतात, परंतु रोज अकरा ते बारा त्यांना तो तास घेणाऱ्या परक्या पेठेत बसावे लागते. तासात जे असते ते तासाबरोबर जाते. तेव्हापासून पाहणी करून दाखला काढल्याशिवाय व्यवहार पुरा होत नाही.

पाहणी मी केली. चार दिवस घरोघरी फिरून चौऱ्याण्णव बायकांना एकच प्रश्न विचारला: दुपारी चार ते पाच आपण काय करता? तेहतीस जणींनी कामे सांगितली, आणि ती सारी पेठेबाहेरची होती. एकसष्ट जणींनी उत्तर दिले, "काही नाही."

त्या एकसष्टांत माझी आत्या, हौसाक्का, होती. आक्का चौसष्ट वर्षांची आहे. सकाळी पाचला उठते. मी एके दिवशी तिच्या पाठोपाठ राहून मोजले: पहाटे पाच ते दुपारी चार या अकरा तासांत तिला त्र्याऐंशी वेळा हाक मारली गेली. कधी नावाने, कधी नात्याने, आणि एकोणीस वेळा नुसती "अगं" म्हणून. चार वाजता गल्ली मैदानाकडे रिकामी होते, पुरुषांचा कट्टा मोकळा होतो, आणि आक्का त्यावर जाऊन बसते. इतरही येतात. पाय लांब करतात. बोलतात किंवा बोलत नाहीत. त्या तासात तिला हाक शून्य वेळा मारली गेली. तिच्या दिवसात हा एकच आकडा शून्य आहे, आणि समितीने तो विकायला काढला होता.

पुढच्या बैठकीत दिनकररावांनी माझा तक्ता वर धरला. "काही नाही: एकसष्ट. मॅडमचाच आकडा हाय. तास रिकामा हाय, लिवा."

"काही नाही करणे आणि काही नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत," मी म्हणाले. "या बायका त्या तासात बसतात. तो तास मोकळा आहे. रिकामा नाही."

"मोकळा काय, रिकामा काय. शब्दाचा कीस."

"मोकळी जागा आणि रिकामी जागा एक नसते. मोकळे केस आणि रिकामे डोके एक नसते."

जिन्यावर कोणीतरी हसले. दिनकरराव हसले नाहीत. "मॅडम, इंद्या सध्या पेटलाय. तुमचं व्याकरण हुईस्तोवर विझंल. हात वर करा."

हात वर झाले. ठरावात "रिकामा" हा शब्द राहिला. मी विरोधी मत लेखी नोंदवायला मागितले, तेव्हा वहीत जागा नाही असे सांगण्यात आले. वहीची एकशे बारा पाने कोरी होती. ती मी तिथेच मोजून दाखवली.

तासात कोणी बसू नये अशी सूचना निदान फलकावर लावा, असेही मी सुचवले. त्यावर रफिकने शांतपणे विचारले, "ताई, दाखल्यात तास रिकामा हाय. मग रिकाम्या तासाला रिकामा हो म्हणून नोटीस कशी द्यायची?" या प्रश्नाचा मला अजून राग आहे.

मंगळवारी चारच्या ठोक्याला करार लागू झाला. मी मैदानावर होते, कारण इंद्रजितचा पहिला सामना नोंदवण्याचे काम माझ्याकडे होते. त्याने नऊ वेळा गोलवर चेंडू मारला. दोन फटके खांबाला लागले, एक पंचाला, बाकीचे प्रेक्षकांत गेले. गोल झाला नाही.

"आज जरा वारं हुतं," पिंटू म्हणाला.

वारे नव्हते. मी तसे नोंदवले.

सामना संपल्यावर घरी आले तेव्हा आक्का पाय धूत होती. पाण्याला तांबडा रंग येत होता. आमच्या पेठेत तांबडी माती नाही. ती बुरूज तालमीच्या पटांगणात आहे.

"कुठे गेली होतीस?"

"कुठं न्हाई. कट्ट्यावर बसलो हुतो. चार वाजलं, आन् तास उठला की. आमी बी त्याच्यासंगट गेलो."

"सगळ्या?"

"सगळ्या. यमुनाकाकींच्या हातात शेंगा हुत्या, त्या बी गेल्या."

बुरूज तालमीचे पत्र बुधवारी आले. त्यांनी हा तास घेतला होता तो सरावासाठी. त्यांच्या पेठेत आता चार ते पाच दोनदा वाजतात, आणि दुसऱ्या खेपेला उजेडात आणखी तासभर सराव करावा असा त्यांचा बेत होता. पत्रात लिहिले होते: "सदर तास रिकामा असल्याचा दाखला आपण दिला होता. प्रत्यक्षात ताबा घेताना त्यात एकसष्ट महिला आढळल्या. त्यांपैकी सात गोलपोस्टमध्ये बसल्या आहेत. उठण्याची विनंती केली असता बसल्याच राहतात. तरी दाखला चुकीचा असल्याचे मान्य करून तास परत घ्यावा व खेळाडू परत द्यावा."

माडीवर एकच गलका झाला. एका दिवसात इंद्रजितची किंमत दीड तासावर गेली होती. त्याला परत मागितले जात होते, एवढे कारण पुरेसे होते.

"दाखला बरोबर हाय!" दिनकरराव गरजले. "मॅडम, तसं लिवून द्या. तुमची सही लागतीया."

"मी पहिल्या दिवसापासून सांगते आहे की दाखला चूक आहे."

"आवो, तवा म्हणला हुता, आता नका म्हणू!"

परिस्थिती स्पष्ट होती. दाखला चूक आहे असे मी लिहून दिले असते, तर करार मोडला असता, इंद्रजित परत गेला असता, आणि चार ते पाच हा तास आमच्या पेठेत, आमच्या कट्ट्यावर, पूर्वीसारखा परत आला असता. मला हेच हवे होते. माझे म्हणणे शब्दशः खरे ठरले होते आणि ते आता प्रतिपक्षाच्याच पत्रात छापील अक्षरांत होते. मी विचारासाठी एक दिवस मागून घेतला तो फक्त पद्धत म्हणून.

घरी येऊन आक्काला सांगितले, "तुझा तास उद्या परत येईल."

तिने परातीतून मान वर केली नाही. "कशाला?"

"कशाला म्हणजे? तो तुमचा आहे. तुम्हाला न विचारता दिला."

"न इचारता दिला, ते खरं हाय. त्याबद्दल भांड की तू, भांड." पीठ मळून झाल्यावर ती म्हणाली, "पर हितं काय व्हायचं बग. मॅच लौकर संपली की ह्यो आला, पाऊस आला की त्यो आला. आल्या आल्या 'च्या टाक'. सगळा येळ एक कान रस्त्याकडं. तिथं तसं न्हाई. तिथं आमास्नी कोण वळखतच न्हाई. हाक मारायची तर काय म्हणून मारणार?"

"पण ते तुम्हाला उठवतात."

"'ओ बाई, ओ बाई' करत्यात. बाई म्हंजे कोण? आमी इकडंतिकडं बगतो."

मी तिला समजावले की तत्त्व वेगळे आणि सोय वेगळी. दाखला चूक असेल तर तो चूक म्हटलाच पाहिजे. तिने ते ऐकून घेतले आणि विचारले, "तुजं त्ये शून्य का काय, त्ये कुठं जास्त पक्कं ऱ्हातंय? हितं का तिथं?"

मी हिशेब केला. गेल्या हंगामात सामना लवकर संपल्यामुळे किंवा रद्द झाल्यामुळे आमच्या पेठेतला तो तास अकरा वेळा मोडला होता. तिथे तो मोडण्याचे कोणतेच कारण मला सापडले नाही. त्या रात्री मी स्वतःवर जितकी चिडले तितकी समितीवरही चिडले नव्हते.

गुरुवारी मी लेखी उत्तर दिले. त्यात माझे मत कुठेही नव्हते. "समितीने बहुमताने संमत केलेल्या दाखल्यानुसार सदर तास रिकामा आहे. पाहणीत आढळलेली स्थिती आणि आपण कळवलेली स्थिती यांत कोणताही फरक नाही. सबब दाखल्यात दुरुस्ती करण्याचे कारण दिसत नाही." दिनकररावांनी ते दोनदा वाचून माझ्या पाठीवर थाप मारली. "ही झाली आपल्या पेठंची पोरगी!" त्या थापेचा निषेधही मी नोंदवू शकले नाही, कारण वहीत खरोखरच तसा रकाना नव्हता.

उत्तर पोहोचवायला मी स्वतः गेले. बुरूज पेठेचे दुसरे चार नुकतेच वाजले होते. पटांगणावर खेळाडू कमरेवर हात ठेवून उभे होते. एकसष्ट बायका तांबड्या मातीत ऐसपैस बसल्या होत्या. आक्का गोलपोस्टच्या उजव्या खांबाला टेकली होती, आणि त्यांचा गोलरक्षक तिच्यासमोर वाकून म्हणत होता, "ओ बाई, जरा सरकता का?" तो कोणाला म्हणतोय ते पाहायला आक्का मागे वळली.

त्यांचे अध्यक्ष, सदाशिव घोरपडे नावाचे वयस्कर गृहस्थ, पत्र घेऊन उन्हात उभे राहिले. त्यांनी ते हळू वाचले. मग बायकांकडे पाहिले. मग पुन्हा सही आणि शिक्का पाहिला.

"म्हंजे हितं कोण न्हाई," ते म्हणाले.

"दाखल्याप्रमाणे नाही."

"आन् इंद्या?"

"बुधवारीही गोल झाला नाही."

त्यांनी पत्राची घडी घातली, खिशात ठेवली आणि पोरांकडे वळून हाक दिली.

"ए, पलीकडच्या गोलवर मारा रे."

पोरे चेंडू घेऊन पलीकडे गेली.